अक्काचा सरडा

धर्मापुरी, ता. परळी
६ मे २०२४

ती. सौ. अक्कास,
धाकट्या छबूचा शि. सा. न. वि. वि.

इकडं समदं खुशाल हाय. ऊन असं पडलंय की म्हशी पाण्यातून निघंनात आणि आमचे मालक बाजेवरून उठंनात. दोघांना हाका मारून माझा घसा बसला.

पत्र लिहायचं कारण येगळंच हाय. परवा भावकीतल्या हरिओमच्या लग्नात तुझी शेजारीण साखराबाई माझ्या बाजूला पंगतीला बसली होती. तिनं सांगितलं की विजयमालाबाई, म्हणजे तू, भर उन्हाळ्यात लोकर घेऊन बसल्यात. मी म्हणलं, हलायचा असंल कुणाच्या घरी पाळणा. तर म्हणाली, तसलं काई न्हाई. हिरवंगार काहीतरी हाय, एका टोकाला निमुळतं अन् मधी फुगलेलं. स्वेटर म्हणावं तर बाह्या न्हाईत, टोपी म्हणावी तर हत्तीलाच बसावी. कुणासाठी म्हणून तिनं विचारलं, तर तू म्हणे हसून सांगितलंस की कुणासाठीच न्हाई. तवापासून तिला जेवण गोड लागंना, अन् आता मलाबी.

अक्का, तू स्वेटर विणलेस, कानटोप्या विणल्यास, अख्ख्या भावकीच्या पोरींच्या रुखवताची तोरणं विणलीस. दाजी सरपंच होते तवा ग्रामपंचायतीच्या टेलिफोनला झालर विणलेली मी डोळ्यानं बघितली. पण कुणासाठीच न्हाई असं काई तू विणल्याचं मला आठवत न्हाई. मग हे हाय तरी काय? अन् कावून लपवतीस?

फोन केला असता, पण माझ्या कानातलं नवं मशीन फोन जवळ नेला की शिट्टी मारतं. तू मोठ्यानं सांगणार अन् दाजींच्या बैठकीतले समदे ऐकणार. पत्राचं बरं, दोघींचं दोघींत राहतं.

दाजींना नमस्कार. लवकर लिही, न्हाईतर या उन्हात माझा लोभ आटून जाईल.

तुझी,
छबू


युसूफ वडगाव, ता. केज
१५ मे २०२४

चि. सौ. छबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले, की हे बैठकीतून उठून आत आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. हत्तीची टोपी म्हटलं, तर तसेच परत गेले.

आता ऐक. तो सरडा आहे.

हो, सरडाच. मागच्या दारी शेवगा आहे ना, त्याच्यावर एक राहतो. मार्चमध्ये मी पापडांची राखण करत बसले होते. हा खोडावर आला आणि पुढच्या दोन पायांवर अंग वर-खाली करू लागला, तालमीतल्या गड्यानं जोर काढावेत तसा. मी टाळी वाजवली, तरी हलला नाही. मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. मग मीही बघत राहिले. आजवर सरडा दिसला की मी केरसुणीच उचलली होती, त्यामुळे तो असा कधी पाहिलाच नव्हता. सकाळी राखाडी दिसला, ऊन चढल्यावर पिवळट, शेंगांच्या आड गेला तर हिरवट. पापडांवर कावळे येऊन गेले ते मला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना डोक्यात एकच. ही त्याची खरबरीत कातडी कोणत्या विणीत येईल? एक टाका सुलट, एक उलट आणि वरच्या ओळीत नेमकं त्याच्या विरुद्ध, अशी दाणेदार वीण घातली तर? करून बघितलं. हुबेहूब, छबू! मग थांबवेना. डोकं पहिल्यांदा डुकरासारखं झालं, ते उसवलं. दुसऱ्यांदा बरं जमलं. आता लोडाएवढं धड झालंय. शेपूट वेगळी विणायची, ती अंगाहून लांब असते. आत भरायला आपल्याच शेतातला कापूस पिंजून ठेवलाय.

कुणासाठी म्हणून सगळेच विचारतात. मी खरंच विचार करून पाहिला, पण उत्तर सापडलं नाही. आजवर सुया हातात घेतल्या की आधी कुणाची तरी छाती मोजायची, कुणाला कोणता रंग चालत नाही ते आठवायचं. इथे चुकलं तरी कुणाला आखूड होणार नाही. तू म्हणशील ही काय मोठी गोष्ट. पण मला फार मोठी वाटते.

अडचण एवढीच, की हल्ली त्याचं डोकं आणि गळा लालभडक व्हायला लागलाय, आणि माझ्याकडे लाल लोकर नाही. केजला मिळाली नाही. अंबाजोगाईचा दुकानदार म्हणाला, बाई, लोकर दिवाळीनंतर येते. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, अंगात थंडी वगैरे भरते का?

पाहुण्यांना बाजेवरून उठव. तुझा लोभ आटू देऊ नकोस, इथे त्याचीच सावली आहे.

तुझी,
अक्का


धर्मापुरी
२८ मे २०२४

ती. सौ. अक्कास,
हसून हसून पोट धरलेल्या छबूचा शि. सा. न.

सरडा! मी पत्र मालकांना वाचून दाखवलं. ते उठून बसले, म्हणजे तुझ्या सरड्यानं तेवढं तरी काम केलं. ते म्हणाले, तुझी अक्का आधीपासूनच हुशार, पण कोणत्या बाजूनं ते आता कळलं.

लाल लोकरीची चिंता करू नको. तू मालकांना लाल स्वेटर विणला होतास ना, तो पार्सल करते. त्यांनी तो एकदा अंगात घातला, आरशात बघितलं अन् म्हणाले, मी बँडवाला दिसतो. तवापासून पेटीत हाय. मी तुला कधी सांगितलं न्हाई, वाईट वाटंल म्हणून. आता खुशाल उसव.

अन् एक सांग, सरड्याला कान असतात का? मी आमच्या बांधावरच्या बाभळीखाली जाऊन लई वेळ उभी राहिले, पण मला काई दिसले न्हाईत. येणारे-जाणारे विचारत होते, काकू, काय हरवलं? तुझ्यामुळं मलाबी येड लागलं बघ.

चांगली बातमी तर राहिलीच. तुझ्या सुनेचा, स्वप्नालीचा निरोप आला की आपल्या प्रियदर्शनीचं लग्न लातूरच्या पाहुण्यांकडं पक्कं झालं. पोरगा चांगला हाय म्हणे. मला लई आनंद झाला. आता आजीचे हात चालू होतील. आपल्या घरात रुखवत म्हणजे अक्का! सरड्याला आता जरा शेवग्यावर बसू दे.

पोरीला माझा मुका. तुझ्या मायेतला वाटा सरड्यानं खाऊ नये, एवढंच मागणं.

छबू


युसूफ वडगाव
१४ जून २०२४

चि. सौ. छबूस,
अनेक आशीर्वाद.

स्वेटर पोचला. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी झाली होती. धुतली, आणि खाली दगड बांधून दोरीवर टांगली, तशी सरळ झाली. रंग अगदी पाहिजे तो. पाहुण्यांना सांग, स्वेटर शेवटी योग्य अंगाला बसला.

कान असतात. बाहेर आलेले नसतात, पण डोळ्याच्या मागे एक बारीक गोल खळगा असतो. मी कुंपणाच्या काठीवर बसलेला अगदी जवळून पाहिला. माझ्या सरड्याला तो करताना तीन टाके मिटवून पुन्हा उचलले. बाभळीखाली पुन्हा जा, आता दिसेल.

छबू, पुढचं कसं लिहावं समजत नाही. स्वप्नाली माझ्याजवळ येऊन बसली. दाराला तोरण, पाळण्याचा संच, विहीणबाईंना शाल, जावयाला जॅकेट, असं सगळं तिनं फार कौतुकानं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, या वेळी मी नाही विणणार, विकत आणा. तिला वाटलं मी चेष्टा करते. मग वाटलं, स्थळ पसंत नाही. तिनं बजरंगला पाठवलं. त्यानं विचारलं, आई, लातूरच्यांचं काही कानावर आलंय का? मी म्हटलं, माणसं चांगली आहेत, मुलगा चांगला आहे, लग्न थाटात करा. मग कावून नाही म्हणतीस, असं त्यानं विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की माझा सरडा अजून व्हायचाय.

प्रियदर्शनी दारात उभी होती, ती आत निघून गेली. तिचं ते तोंड मला रोज दिसतं. तरी मी उत्तर बदललेलं नाही.

तू रागावशील. रागाव, पण लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
अक्का


धर्मापुरी
२५ जून २०२४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न.

रागावलेच हाय. दोनदा पत्र लिहायला बसले अन् दोनदा फाडलं.

सरडा विण, घोरपड विण, मी हसले ते मनापासून हसले. पण नातीचं लग्न एकदाच होतं. सरडा काय पळून जातो का? लग्न झाल्यावर विणता आला असता. माझ्या पोरीच्या रुखवतात तुझं तोरण होतं, तर मांडवातल्या बाया जेवायच्या आधी तेच बघायला गेल्या. ते तोरण आजबी तिच्या सासरी दाराला हाय. प्रिया ते बघतच वाढली. तिला काय वाटलं असंल?

स्वप्नालीचा मला फोन आला होता. माझ्या नातवानं तिचं बोलणं मला लिहून दाखवलं. ती रडत होती. म्हणाली, मावशी, सासूबाईंचं मन माझ्याकडून दुखावलं का तेवढं विचारा. मी काय सांगू तिला?

तू अशी न्हाईस, अक्का. म्हणून मला राग कमी अन् कोडं जास्त पडलंय. काय झालंय ते सांग.

छबू


युसूफ वडगाव
६ जुलै २०२४

सौ. छबुबाई यांस,
राधाकिशन याचा सप्रेम नमस्कार.

विषय : आपल्या अक्काबाबत.

महोदया, असं लिहिणार होतो, इतकी अर्ज लिहायची सवय हाताला लागली आहे. तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, चूकभूल समजून घ्यावी. हे पत्र मी हिला न सांगता लिहितो आहे.

रुखवतावरून घरात वातावरण बरोबर नाही. हिला कोणी काही बोलत नाही, तेच वाईट. तुम्ही रागावून पत्र लिहिल्याचं हिच्याच बोलण्यातून कळलं. मला वाटतं, हिच्या अंगठ्याचं तुम्हाला माहीत आहेच, तरी तुम्ही रागावलात याचं नवल वाटलं. फेब्रुवारीत आम्ही अंबाजोगाईला दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं की दोन्ही अंगठ्यांचे सांधे झिजलेत. विणकाम सोडा, नाही तर पुढे भाकरीचा तुकडा मोडणंसुद्धा अवघड होईल. हिनं विचारलं, अगदी आजपासून का? ते म्हणाले, थोडं थोडं करून हे वर्ष काढा, पण पुढे नाही. परतताना गाडीतच हिनं, घरी कुणाला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली. त्यानंतर महिन्याभरात तो सरडा सुरू झाला.

मी राजकारणात केस पांढरे केले. माणूस काही करतो ते कशासाठी, हे ओळखणं माझा धंदा होता. हे मात्र मला उमगत नाही. ही विणताना एकटीच हसते. लग्न झाल्यापासून मी हिला एकटीला हसताना ऐकलं नव्हतं. परवा मला म्हणाली, त्याला बोटं किती ते बघून सांगा. मी या वयात स्टुलावर चढलो. पाच असतात, आणि मागच्या पायाचं चौथं बोट सगळ्यांत लांब. मी खाली उतरून सांगितलं, तेव्हा हिनं असं बघितलं, की जणू मी निवडणूकच जिंकून आलोय.

बजरंगला अंगठ्याचं सांगावं का? शपथ मोडावी का? तुमचा सल्ला पाहिजे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
राधाकिशन


धर्मापुरी
१३ जुलै २०२४

अक्का,

मला तुझा अंगठा माहीत नव्हता. दाजींनी लिहिलं. त्यांच्यावर चिडू नको, त्यांना वाटलं मला ठाऊक हाय. का वाटणार न्हाई? आजवर तुझं मला माहीत नसलेलं काय होतं?

मी तुला काय काय लिहिलं. सरडा पळून जातो का म्हणले. लग्नानंतर विण म्हणले. अन् तू ते वाचून तशीच बसलीस?

पण मला रागबी आलाय. सांगितलं असतंस तर स्वप्नाली रडली नसती, पोर दारातून निघून गेली नसती. एका शब्दाचं काम होतं. का न्हाई सांगितलंस?

आता ऐक. मी येते. तोरणबिरण सोड, तुझा सरडा किती राहिलाय ते सांग. राहिलेलं मी विणून देते. माझी वीण तुझ्याइतकी बारीक न्हाई, पण माझे अंगठे चांगले हायेत. तू नुसती शेजारी बसून सांग.

दाजींना मी कळवलंय की शपथ मोडू नका, ज्याची त्यानं सोडवायची.

छबू


युसूफ वडगाव
२६ जुलै २०२४

चि. सौ. छबूस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पदरात धरून बसले होते. तू रडली असशील, शाई दोन ठिकाणी पसरली आहे. आता पुरे.

का नाही सांगितलं, ते स्वतःलाही नीट माहीत नव्हतं. तू विचारलंस म्हणून शोधलं. समज, मी अंगठ्याचं सांगितलं असतं. सगळ्यांनी समजून घेतलं असतं. स्वप्नालीनं गरम पाण्याची पिशवी आणली असती आणि बजरंगनं सुया उचलून माळ्यावर टाकल्या असत्या. रुखवतही गेलं असतं आणि सरडाही. आणि समज, सरडा राहू दिला असता, तरी रुखवताला नाही कोण म्हणालं असतं? अंगठा म्हणाला असता. मी नाही. छबू, मला एकदा तरी स्वतः नाही म्हणून पाहायचं होतं, अंगठ्याच्या आडून नाही.

डॉक्टर बोलले, तेव्हा मी गाडीत तोच हिशेब करत होते. हातात थोडंच विणकाम उरलंय, ते कुणाला द्यायचं? एकेक चेहरा डोळ्यांपुढे आला. सगळे मला आवडतात. पण कुणाचाही चेहरा आला तरी हात पुढे होईना. मग पापड, मग तो शेवगा. तेव्हा हात आपणहून पुढे झाला.

परवाची गंमत सांगते. ह्यांच्या बैठकीत तालुक्याचे एक पुढारी आले होते, त्यांना सरडा दिसला. खूश झाले. म्हणाले, वहिनी, बचत गटाच्या प्रदर्शनात असे पन्नास ठेवू, स्टॉलची फीत तुमच्याच हातानं कापू. मी म्हटलं, एकच आहे. मग म्हणाले, तो एक तरी द्या, सत्कार करतो. मी म्हटलं, सत्कार कशाचा? ते बराच वेळ विचार करत बसले आणि चहा पिऊन गेले. लोकांना एखादी गोष्ट नुसती असलेली बघवत नाही का गं?

तीन पाय झाले. चौथा उरलाय, उजवीकडचा मागचा. चार सुयांवर गोल विणायचा, म्हणून अंगठ्याला जड जातो. तू विणलास तर सुरेख होईल, मला माहीत आहे. पण तो मग माझा राहणार नाही.

तरी पंचमीला ये. पुरणपोळ्या करू, झोका बांधू. सुया मात्र आणू नकोस.

तुझी,
अक्का


धर्मापुरी
२२ ऑगस्ट २०२४

ती. सौ. अक्कास,
तुझ्या हातच्या पुरणानं जड झालेल्या छबूचा शि. सा. न.

सुखरूप पोचले. एसटीत जागा मिळाली. मालकांनी म्हशीचं दूध काढून ठेवलं होतं, म्हणजे माझ्यामागं लई हाल झाले असणार.

तिथं बोलले न्हाई ते इथं लिहिते. तुझ्याजवळ बसून तू विणताना बघत होते, तवा माझे हात शिवशिवत होते. तू चार टाके घालायचीस अन् सुई खाली ठेवून अंगठा गरम पाण्यात बुडवायचीस. पुन्हा चार टाके. मला वाटायचं हिसकावून घ्यावं अन् एका बैठकीत पाय करून टाकावा. मी हात मांडीखाली घेऊन बसले, बघितलंस का? पण तुझं तोंड बघितलं अन् माझी घाई गेली. तो पाय कधी पुरा होईल, याची तुला काई पडलीच नव्हती. टाच कशी वळवावी याचाच विचार. उसवलंस, पुन्हा घातलंस, स्वतःशीच मान हलवलीस. आपण शाळेत असताना तू नकाशे काढायचीस, तवा अशी दिसायचीस.

अन् सरडा! मी मनात हसायची तयारी करून आले होते. उचलून मांडीवर घेतला तर हसू आलंच, पण येगळं. डोळे कशाचे केलेस ते सांगितलं न्हाईस. माझ्याकडं बघतो तो.

आता कठीण बोलणं. शेंगा तोडताना प्रिया माझ्याजवळ आली. म्हणाली, छबूआजी, मला तोरण नको, शाल नको, लातूरला दुकानात ढीग पडलेत. पण आजीनं सगळ्यांसाठी विणलं अन् माझीच पाळी आली तवा सरडा आला. मी सरड्यापेक्षा कमी हाय का, एवढं तिला विचारायचं हाय, पण विचारवत न्हाई. मला अंगठ्याचं सांगावंसं वाटलं. जीभ चावली. तुझं तू सांगायचं.

अक्का, तू न्हाई म्हणलीस ते मला पटलं. पण न्हाई ऐकणारीलाबी काहीतरी कळू दे. तिला आत नेऊन बसव अन् बोल. गौरीच्या आधी बोल.

लोभ तर हायच, पोरीकडं थोडा जास्त वळव.

छबू


युसूफ वडगाव
२० डिसेंबर २०२४

चि. सौ. छबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लग्नात तू आलीस आणि वरात निघताच म्हैस व्यायला आली म्हणून पळालीस. रेडी झाली की रेडा, ते आधी कळव. मांडवाच्या गर्दीत तुझ्याशी बोलायला मिळालं नाही, म्हणून सगळं साठलंय.

तू सांगितलंस तसं गौरीच्या आधी प्रियाशी बोलले होते. मुद्दाम अंगठ्याचं आधी काढलं नाही. आधी सांगितलं की मला विणायचं नव्हतं, माझ्या मनात सरडा होता, आणि त्यात तू कमी-जास्त काही नव्हतीस. ती ताठ बसून होती. मग अंगठ्याचं सांगितलं. तशी ती रडली, आणि मग चिडली. म्हणाली, हे आधी सांगितलं असतंस तर मला वाईट वाटलं नसतं. मी म्हटलं, हो, पण मग तू मला माफ केलं असतंस, आणि माफ करण्यासारखं मी काही केलं नव्हतं. त्यावर ती उठून गेली. दोन आठवडे माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. मलाही सोपं गेलं नाही, छबू. मनात चारदा आलं की एक छोटं तोरण तरी घालावं. हात सुयांकडे गेलासुद्धा. पण ते तोरण तिला आवडलं नसतं, मलाही नाही.

मग एक दिवस तिनं लातूरहून स्वतःच एक तोरण आणलं आणि मला म्हणाली, याच्या विणीत चूक आहे, दाखव बघू. आम्ही दोघींनी मिळून त्यात सात चुका काढल्या. रुखवतात तेच होतं. तू त्याची तारीफ केलीस तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली, ते तुला कळलं नसेल.

सरडा लग्नाच्या आधीच पुरा झाला होता. चौथा पाय जरा आखूड आहे, त्यामुळे तो एका अंगावर कलतो. अंगठ्याचं स्वप्नालीला आणि बजरंगलाही मग मीच सांगितलं, आणि तिला आता सरड्याचं काही वाटत नाही. उलट पाहुण्यांच्या पोरांनी ओढू नये म्हणून तिनंच लग्नघाईत तो कपाटावर ठेवला होता.

आता परवाची गोष्ट. मांडवपरतणीला प्रिया आली. जावई बैठकीत ह्यांच्याबरोबर बसले होते. ती माझ्या खोलीत आली, सरडा मांडीवर घेतला, त्याच्या पाठीवरचा तुरा बोटानं सरळ करत बसली. मग हळूच म्हणाली, आजी, हा मला दे. तिकडे माझं असं काहीच नाही. रात्री उशाशी घेईन.

छबू, साऱ्या घराला नाही म्हणताना माझा जीव असा गलबलला नव्हता. पोरगी नव्या घरून आलेली, डोळे भरलेले, आणि मागतेय काय, तर एक लोकरीचा सरडा. होच म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. मग मी त्याच्याकडे बघितलं. तो आखूड पाय बघितला. आणि म्हटलं, नाही गं बाळा. हा माझा आहे.

तिनं सरडा मांडीवरून खाली ठेवला. मला वाटलं, गेली ही पुन्हा. पण ती हसली आणि म्हणाली, बरं. मग मी ह्याला बघायला येत जाईन. येईन तेव्हा तो कुठं ठेवलाय ते आधी सांगून ठेव, शोधायला लावू नकोस. आणि माझा अंगठा हातात घेऊन निघायची वेळ होईपर्यंत चोळत बसली.

सुया मी काल धुऊन, पुसून, कापडात गुंडाळल्या. डॉक्टरांनी म्हटलेलं वर्ष संपत आलंय. फार वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं, पण थोडंच. सरडा मांडीवर होता, आणि ऊन खिडकीतून त्याच्या लाल गळ्यावर येत होतं.

म्हशीचं लिही. पाहुण्यांना नमस्कार. तुझ्यावरची माया काही अंगठ्याच्या जोरावर चालत नाही, तेव्हा ती चालूच राहील.

तुझी,
अक्का